सगळी गल्ली अकरावर

वायफाय बिघडले म्हणून फोन करणारा माणूस पहिले वाक्य ठरलेले बोलतो: "मॅडम, काल चालू होतं." या वाक्यात तपासण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे काल किती वाजता. बहुतेकांना ते सांगता येत नाही. ज्यांना सांगता येते त्यांचे काम निम्मे झालेले असते.

मी सोलापुरातल्या एका दैनिकात एकोणीस वर्षे उपसंपादक होते. पाने छापखान्याकडे पाठवण्याची वेळ आणि कार्यालयातले वायफाय झोपण्याची वेळ यांचे संगनमत होते. तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी दुपारी येई. तेव्हा सगळे सुरळीत असे. "काही झालेलं नाही मॅडम," असे सांगून तो चहा घेऊन जाई. शेवटी बिघाड शोधायला मी स्वतःच शिकले. पुढे आवृत्तीची पाने पुण्यात लागू लागली, इथले डेस्क बंद झाले आणि शहराला माझ्या शुद्धलेखनापेक्षा या दुसऱ्या कामाची गरज जास्त आहे असे निदर्शनास आले. तेव्हापासून मी हेच करते.

हत्यारे दोन: फोनमधले एक ॲप आणि जुन्या लॅपटॉपवरचा एक प्रोग्रॅम. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. जगात कुठे कुठे बसलेल्या लोकांनी ते लिहिले, कोणालाही उतरवून घेता येतात आणि आत काय लिहिले आहे तेही वाचता येते. ही माहिती मी पूर्वी गिऱ्हाइकांना अभिमानाने देत असे. "फुकट मिळतं?" असे म्हणून ते ज्या नजरेने माझ्याकडे पाहत, ती नजर ओळखीची झाल्यावर आता विचारल्याशिवाय देत नाही.

ॲप उघडले की आसपासची सगळी वायफाय जाळी नावानिशी पडद्यावर येतात. दुसऱ्या पानावर तीच जाळी टेकड्यांसारखी दिसतात. टेकडी जितकी उंच तितका सिग्नल जोरात, आणि ती जिथे उभी असेल तो तिचा चॅनल. यातून कोणाचा पासवर्ड कळत नाही. कोण काय बघतो तेही कळत नाही. हवेत कोण किती मोठ्याने बोलतो आहे एवढेच कळते. माझे अर्धे काम हे ऐकण्याचे आहे, उरलेले अर्धे समजावण्याचे. ऐकणे सोपे आहे.

सिग्नलचा जोर वजा आकड्यात मोजतात. वजा चाळीस म्हणजे उत्तम, वजा ऐंशी म्हणजे जेमतेम धुगधुगी. रेल्वे लाइन्समधल्या एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात त्यांचा सिग्नल वजा चाळीस होता आणि शेजारच्या ब्यूटी पार्लरचा वजा ऐंशी. डॉक्टर पडदा बघून गंभीर झाले.

"त्यांना ऐंशी आणि मला चाळीस?"

"डॉक्टर, वजा आहे."

"वजा जाऊनसुद्धा त्यांचे ऐंशी उरतात ना?"

मी कागदावर संख्यारेषा काढून दाखवली. त्यांनी तो कागद ठेवून घेतला, मुलाला दाखवायचा म्हणून.

अकलूजच्या एका डेअरीत राउटर चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. तो सुरक्षित होता. सिग्नलही सुरक्षित होता. कुर्डुवाडीच्या एका लॉजमध्ये राउटर आणि व्हरांड्यातला दिवा एकाच बटणावर होते, आणि उजाडले की मालक दिवा बंद करत. अशा प्रकरणांत फार तर अर्धा तास जातो. नव्या पेठेतल्या एका गल्लीत मात्र माझे तीन आठवडे गेले. तिथे मी जितकी हसले तितकी कुठेच हसले नाही, आणि तिथे केली तितकी मोठी चूकही कुठे केली नाही.

फोन करणारीचे नाव श्रीलता. तिने वेळ सांगितली.

"शनिवारी पाच ते सहा. तेवढ्याच वेळात तुटतं."

तिच्या सासऱ्यांचे, नरसय्या शेठचे, गल्लीत चादरींचे दुकान आहे. विणकरांचे कुटुंब. घरात तेलुगू, दुकानात मराठी. दुकानावर एक माळा आहे, तिथे चादरींचे गठ्ठे रचलेले असत. श्रीलताने त्यातला एक भाग मोकळा करून घेतला होता. मागे पांढरा पडदा, पुढे गोल दिवा, तिकाटण्यावर फोन. दर शनिवारी पाच वाजता ती तिथून थेट प्रक्षेपण करून चादरी विकत असे. नाशिकपासून हैदराबादपर्यंतच्या बायका बघत. वर्षभर बरे चालले होते. गेले दोन महिने चित्र थिजत होते.

"मोराची चादर उलगडायला घेते," ती म्हणाली, "मोराचं डोकं दिसतं आणि पिसारा यायच्या आत मी थांबते. बायका खाली लिहितात, ताईंचा पुतळा झाला. एकीनं तर हार घातलेलं चित्र टाकलं."

हे तिने हसत सांगितले. पुढचे हसत सांगितले नाही. लग्नसराईचा माल येणार होता आणि सासऱ्यांना माळा हवा होता. त्यांनी मुदत दिली होती. मी दुकानात गेले तेव्हा त्यांनी ती माझ्यासमोर पुन्हा सांगितली.

"तीन शनिवार. जमलं तर माळा हिचा. न्हाय जमलं तर गठ्ठ्यांचा. मी काय वाईट बोलतोय का, मॅडम? बायका येतात, फोटो थांबतो, बायका जातात. फोटो थांबवायला माळा कशाला पायजे?"

"राउटर जुना आहे, शेठ."

"माळा राहतोय का जातोय ते आधी ठरू दे. मग नव्याचं बघू."

राउटर खाली, त्यांच्या बसण्याच्या जागेमागे होता. माळ्यावर सिग्नल वजा पन्नास येत होता, म्हणजे चांगला. मी गुरुवारी दुपारी तीन वाजता गेले होते. गल्ली जेवून पडली होती, निम्म्या दुकानांची शटरे अर्धी खाली होती. श्रीलताने प्रक्षेपण लावून पाहिले, एकदाही थांबले नाही. इंगळे नावाचे एक गृहस्थ गल्लीत राउटर बसवतात. ते याआधी तीनदा येऊन गेले होते आणि तिन्ही वेळा त्यांना बिघाड सापडला नव्हता. ते कधी आले होते असे मी विचारले. तिन्ही वेळा दुपारी तीन.

बातमीदारीतला एक नियम इथे उपयोगी पडतो. घटना ज्या वेळी घडते त्या वेळी तिथे हजर असावे. मी माळ्यावरच बसून राहिले. साडेचारला शटरे वर जाऊ लागली. पाच वाजता गल्लीत माणूस माणसाला घासून चालत होता, आणि माझ्या पडद्यावर टेकड्या उगवत होत्या. सव्वापाचला मोजणी केली. एकूण तेवीस जाळी. त्यांतली एकोणीस एकाच ठिकाणी, एकावर एक चढून उभी होती. चॅनल अकरा. श्रीलताचे जाळे त्यांतच कुठे तरी तळाशी.

बाहेरच्यांसाठी थोडा खुलासा. या जुन्या प्रकारच्या वायफायला हवेत तेरा चॅनल आहेत, पण प्रत्येक चॅनल आजूबाजूच्या तीन-चार चॅनलांवर पसरतो. एकमेकांना धक्का न लागता तिघांनाच नीट बसता येते: एक, सहा आणि अकरा. एकाच चॅनलवर अनेक राउटर आले तर ते भांडत नाहीत. या बाबतीत यंत्रे माणसांपेक्षा सभ्य आहेत. बोलण्याआधी ऐकतात आणि दुसरा बोलत असेल तर थांबतात. पण एकोणीस सभ्य यंत्रे एका चॅनलवर आली की सगळी थांबूनच राहतात.

राउटर साधारणपणे स्वतःच चॅनल निवडतो. एकोणीस राउटरांनी मिळून अकरा निवडणे शक्य नव्हते. म्हणून मी खाली उतरले आणि चौकशी केली.

शेजारी वीरेश अण्णांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान. अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे.

"अण्णा, तुमचा चॅनल अकरावर कोणी ठेवला?"

"मीच की. इंगळे विचारला, कितीवर ठेवू म्हणून. अकरा म्हटलो. शुभ असतंय."

समोर सलीमभाईंचे बांगड्यांचे दुकान.

"अकरा बोल दिया, मॅडम. लग्नात अकरा, बारशाला अकरा, गणपतीच्या वर्गणीला अकरा. सगळी गल्ली अकरा देते, आपण कशाला वेगळं?"

परत येऊन नरसय्या शेठना विचारले. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला.

"अकरा न्हाय ठेवायचं तर काय ठेवायचं? दहा?"

इंगळेंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितले, "ऑटोवर सोडलं की गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही काहीच केलं न्हाय. म्हणून मी विचारतो. विचारून केलं की तक्रार येत न्हाय, मॅडम. आणि मी येऊन चेक केलंय की. हवा एकदम क्लिअर."

माळ्याच्या जिन्यावर बसून मी जे ऐकले ते वहीत लिहिले आणि मग हसले. श्रीलताने कारण विचारले. मी पडद्यावरचा तो डोंगर तिला दाखवला. "ही तुमची गल्ली. ही सगळी शुभ आहे." ती इतकी हसली की खालून सासऱ्यांनी काय झाले म्हणून हाक मारली.

उपाय दोन मिनिटांचा होता. तिचा चॅनल मी अकरावरून एकवर नेला. तिथे एका पतसंस्थेच्या राउटरखेरीज कोणी नव्हते. नरसय्या शेठनी विचारले, "आता कितीवर केलं?"

मी म्हणाले, "एक नंबर."

एकोणीस वर्षे मी दोन अर्थ निघणारे मथळे कापत आले होते. दुसऱ्यांच्या बातम्यांतला असा शब्द माझ्या नजरेतून सुटत नसे. स्वतः मात्र हे दोन शब्द बोलले आणि पिशवी उचलून घरी गेले.

पहिल्या शनिवारी मोर पिसाऱ्यासकट दिसला. प्रक्षेपण तासभर अखंड चालले. आठ चादरी आणि दोन भिंतीवरचे पडदे गेले. नरसय्या शेठ जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन बघून गेले, असे श्रीलताने फोनवर सांगितले. तेवढ्यावर ते थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. ते थांबले नाहीत. आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, "मॅडम आल्या आणि आमचं एक नंबर करून गेल्या."

दुसऱ्या शनिवारी मी स्वतः माळ्यावर होते, केवळ खातरजमा म्हणून. पाच वाजता ॲप उघडले. क्षणभर वाटले फोन उलटा धरला आहे. डोंगर उजवीकडे होता तो डावीकडे आला होता. वीस जाळी चॅनल एकवर. अकरावर औषधालाही कोणी नव्हते.

इंगळेंना फोन केला.

"मॅडम, मला सकाळपासून जेवायला वेळ न्हाय. सगळ्यांचं एकच, नरसय्याशेठसारखं एक नंबर करून द्या. आता गिऱ्हाईक स्वतः आकडा सांगतंय तर मी काय बोलणार?"

पाच वाजून बारा मिनिटांनी श्रीलता थिजली. डोक्यावर चादर, तोंड उघडे, एक हात हवेत. दोन मिनिटांनी प्रेक्षकांचा आकडा निम्म्यावर आला. तिचा चॅनल मी रिकाम्या अकरावर परत नेला, पण तोवर बायका निघून गेल्या होत्या. तिने फोन बंद केला आणि मी तिला वीस जाळ्यांचे चित्र दाखवले. ती आधी हसली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती पदराने पुसू लागली. मग ती हसत नव्हती.

"मॅडम, मला ह्या घरात येऊन बारा वर्षं झाली. ह्या माळ्यावरचा हा कोपरा सोडला तर माझं म्हणून काही नाही."

खाली नरसय्या शेठ म्हणाले, "एक शनिवार उरला."

तिला अकरावर ठेवून मी निघून जाऊ शकले असते. पण पुढच्या शनिवारी ते चालले असते, शेठनी गल्लीला सांगितले असते आणि गल्ली अकरावर परत आली असती. एका गल्लीच्या मागे मी जन्मभर एक-अकरा, अकरा-एक करत फिरले असते. चूक माझ्या शब्दाने झाली होती, दुरुस्ती सगळ्यांसमोर करणे भाग होते.

मंगळवारी दुपारी तीन वाजता, गल्लीच्या वामकुक्षीच्या वेळी, नरसय्या शेठच्या दुकानात बैठक भरली. तेरा दुकानदार आले. इंगळेही आले. माझा फोन हातोहात फिरला. चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी तीन रकाने आखले: एक, सहा, अकरा.

"प्रत्येक रकान्यात सात-आठ दुकानं," मी सांगितले. "तेवढं केलं की सगळ्यांचं चालेल."

"मला अकराच ठेवा," वीरेश अण्णा म्हणाले.

"सगळ्यांना अकरा नाही मिळणार, अण्णा."

"मग सव्वा अकरा करता येतंय का?"

मी इंगळेंकडे पाहिले. इंगळेंनी थोडा विचार केला. "बघावं लागेल," ते म्हणाले.

सलीमभाईंनी हात वर केला. "मॅडम, सातशे शहाऐंशी मिळेल का?"

"तेराच्या पुढे नाही, भाई."

"तर मग त्यातला शेवटचा सहा द्या. तेवढ्यात भागवून घेऊ."

सहाच्या रकान्यात पहिले नाव पडले. पुढचे पडेना. एकवर आठ जणांनी हक्क सांगितला, कारण ते एक नंबर होते. उरलेले अकरावर बसून होते. मी सहाचे गुण सांगून पाहिले. हवा मोकळी, शेजारी एकटे सलीमभाई, माणूस सज्जन.

"सहा नको," अण्णा म्हणाले. "त्याच्या पुढं दीडावर साडेसाती बसलीया."

बैठक पाच मिनिटे हसत राहिली. सलीमभाई सर्वांत जास्त हसले. नरसय्या शेठ आणि गल्लीतले आणखी दोन तेलुगू दुकानदार मात्र हसत नव्हते. त्यांनी सहा हा आकडा ऐकल्यापासून मान हलवायला सुरुवात केली होती.

"शेठ, तुम्ही तिघे आलात तरी पुरे," मी म्हणाले.

"न्हाय."

"का?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

श्रीलता जिन्यावर उभी राहून ऐकत होती. ती दोन पायऱ्या खाली आली आणि मला हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्यात सहाला आरु म्हणतात. दिवा विझायलाही तोच शब्द आहे. आरिपोयिंदि, म्हणजे विझून गेला. दुकानावर तो शब्द नको, असं त्यांना वाटतं."

मला ॲपमध्ये टेकड्या दिसत होत्या. हे दिसत नव्हते.

वीरेश अण्णांनी मांडी बदलली. ते चांगले गृहस्थ आहेत आणि त्यांना घरी जाऊन पडायचे होते. "एवढा खटाटोप कशाला? शेठ, सूनबाईंचं ते शनिवारचं बंद करा. त्यानं सगळ्या गल्लीचं अडतंय. ते थांबलं की चॅनल कुठलाही चालतोय."

तांत्रिक दृष्ट्या यात काही तथ्य होते. शनिवारी पाच वाजता गल्लीत सर्वांत जास्त बोलणारा राउटर श्रीलताचाच होता. आणि सूचना नवी नव्हती. नरसय्या शेठ स्वतः दोन महिने हेच म्हणत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. श्रीलतानेही पाहिले.

"का?" शेठ म्हणाले.

"का म्हणजे?"

"दारात टीव्ही लावून दिवसभर कुकरची जाहिरात दाखवता, ती वायफायवरच चालते ना? ती बंद करा की. माझ्या सुनेचंच का?"

अण्णा गोंधळले. "अहो, तुम्हीच म्हणत होता की, बंद करा म्हणून."

"मी म्हणीन. तुम्ही का म्हणता?"

इंगळेंनी पुठ्ठा उलटा करून मागे काही आहे का ते पाहिले. नरसय्या शेठ आता अडचणीत होते. सुनेची बाजू चारचौघांत घेऊन झाली होती, आणि ती निभवायची तर तो विझलेला आकडा स्वतःच्या दुकानावर घेणे आले.

श्रीलता उरलेल्या पायऱ्या उतरून सासऱ्यांसमोर आली. आधी तेलुगूत काही तरी बोलली. मग आम्हाला कळावे म्हणून, किंवा सगळ्यांसमोर म्हणावे म्हणून, मराठीत म्हणाली, "मामय्या, आरु म्हणजे नुसतं विझणं नाही. रंगवलेलं सूत कुंडातून काढलं की आपण काय करतो? आरेस्ताम. वाळत घालतो. तोच शब्द आहे की. न वाळलेलं सूत मागावर चढतं का?"

शेठचे वडील सूत रंगवत. लहानपणी शेठही त्या कामात होते, आणि पिवळ्या-लाल सुताच्या ओल्या लडी बांबूवर टाकताना हात कोपरापर्यंत रंगत, हे मला नंतर कळले. तेव्हा त्यांनी फक्त दोन्ही हात पुढे धरून तळवे पाहिले.

"न्हाय चढत," ते म्हणाले. "ओल्या सुतानं माग बिघडतो." मग मान वर न करता, "इंगळे, सहा लाव."

बाकीचे दोघे तेलुगू दुकानदार एकमेकांकडे पाहत होते. त्यांपैकी एकाने म्हटले, "वाळायला आमचंबी घाला." त्यानंतर सहाच्या रकान्यात नावे भराभर पडली. वीरेश अण्णा अकरावर राहिले आणि आता अकरावर सातच जण उरले म्हणून त्यांना ते अधिक शुभ वाटू लागले. इंगळेंनी सगळ्यांचे चॅनल संध्याकाळपर्यंत बदलले, आणि शेवटच्या दुकानात त्यांनी कितीवर ठेवू असे विचारले नाही. पाच वाजता मी ॲप उघडले तेव्हा पडद्यावर तीन टेकड्या होत्या. साधारण सारख्या उंचीच्या, मध्ये मोकळे रान.

तिसऱ्या शनिवारी मला जायचे कारण नव्हते. तरी गेले.

पाच वाजता श्रीलता माळ्यावर सुरू झाली. तिचा आवाज खाली ऐकू येत होता. "ही बघा ताई, दोन्ही बाजूंनी वापरता येते. मागची बाजू पण दाखवते." मी नरसय्या शेठच्या शेजारी उभी होते. ते ॲपकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. पाच-वीसला गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. लग्नसराईचा माल सोमवारी येणार होता, तो शनिवारीच आला. तीन हमाल पाठीवर गठ्ठे घेऊन गर्दीतून वाट काढत दारात येऊन उभे राहिले. पुढच्याचे नाव भीमा. तो या दुकानाला वर्षानुवर्षे माल उतरवतो. तो सवयीने जिन्याकडे वळला.

"थांब," शेठ म्हणाले.

"माळ्यावरच न्यायचं न्हवं?"

"थांब म्हणलं की. वर चालू हाय."

"काय चालू हाय?"

शेठनी तोंडावर बोट ठेवले. गठ्ठे उंबऱ्यापाशी उतरवले गेले. मागून आणखी आले. पंधरा मिनिटांत दारात चादरींची भिंत उभी राहिली. गिऱ्हाइके तिला वळसा घालून आत येऊ लागली आणि एक बाई येऊन तिच्यावर बसल्या. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. वरून ऐकू आले, "आता मोर दाखवते. घाई करू नका, ताई, पिसारा मोठा आहे." शेठनी गल्लीत जाऊन टेम्पोवाल्याला हॉर्न बंद करायला लावला.

भीमा कमरेवर हात ठेवून उभा होता. "शेठ, आजून पंचवीस गठ्ठे हायेत. कुटं टाकू, ते तरी सांगा."

शेठनी दुकानभर नजर फिरवली. जागा एकच होती. आत, भिंतीला लागून त्यांची गादी होती. पांढरी खोळ, लोड, समोर बसकी पेटी. त्यांच्या वडिलांनंतर त्या गादीवर त्यांच्याशिवाय कोणी बसलेले नव्हते.

"हितं टाक," ते म्हणाले.

"गादीवर?"

"व्हय."

"मग तुमी कुटं बसणार?"

"उभा राहीन की. दुकानदार हाय मी, देव न्हाय."

भीमाने माझ्याकडे पाहिले. मी फोनकडे पाहिले. प्रक्षेपण एकदाही तुटले नव्हते. हमालांनी लोड काढून बाजूला ठेवला आणि गादीवर गठ्ठे रचायला घेतले. एक थर, दुसरा थर, मग हाताला छत लागेपर्यंत.

सहा वाजून चार मिनिटांनी श्रीलता खाली आली. कपाळावर घाम होता आणि हातात फोन. चौदा चादरी गेल्या, असे सांगायला ती आली असावी, पण गादीच्या जागी उभी राहिलेली ती भिंत पाहून ती जिन्यातच थांबली. सासरे दाराशी एका स्टुलावर बसले होते.

"मामय्या, हे काय? माळ्यावर निम्मी जागा अजून मोकळी आहे की. मी सरकून घेते."

नरसय्या शेठ मागे न वळता म्हणाले, "राहू दे. तिथं तुझं दुकान हाय."